मोठा कॅम्पिंग चाकू घ्यायचाय? आधी लासलगावचा कांदा आणा

गेल्या आठवड्यात भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो टाकले. काळंकुट्ट पातं, पाठीवर करवतीसारखे दात, मुठीला हिरवी दोरी गुंडाळलेली. खाली प्रश्न: "मामा, सात इंची घेऊ की दहा इंची?" तासाभरात ताईचा फोन. "अरे, हा काय कोयता गँगमध्ये चाललाय का? समजाव त्याला."

दोघांचंही चुकत नाही. पोराने यूट्यूबवर बर्फातल्या जंगलात दाढीवाले लोक एकाच चाकूने झोपडी बांधताना पाहिलेत. ताई रोज पेपर वाचते आणि त्यात हातात कोयता घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या बातम्या असतात. मधल्या मध्ये साधा प्रश्न राहून जातो. आपल्या नाशिकजवळ हरिहर गडाच्या पायथ्याला, दिंडोरीच्या मळ्यात किंवा गंगापूर धरणाच्या काठी एक रात्र तंबूत काढायची, तर चाकू कसला लागतो? मोठा लागतो का? आणि लागत असेल तर तो ओळखायचा कसा?

पाट आणि घडीची खुर्ची

दुकानात किंवा ऑनलाइन 'फिक्स्ड ब्लेड' हा शब्द पहिल्यांदा भेटतो. त्यात गूढ काही नाही. ज्याचं पातं मुठीत दुमडत नाही तो फिक्स्ड ब्लेड. घरातली सुरीही त्याच जातीची. खिशात मावणारा घडीचा चाकू ही दुसरी जात.

फरक पाट आणि घडीच्या खुर्चीतला आहे. बसायला दोन्ही चालतात. पण पाटावर उभं राहून नाचलात तरी पाटाला काही होत नाही. घडीच्या खुर्चीवर नाचलात तर बिजागरी आधी बोलते. घडीच्या चाकूचं सगळं बळ एका छोट्या खिळीवर आणि खटक्यावर तोललेलं असतं. सफरचंद कापायला, दोरी तोडायला तो उत्तम. लाकडात घालून पिळला की खटका सुटतो आणि पातं बोटांवर मिटतं.

पण फिक्स्ड म्हणजे मजबूत, असं लगेच समजू नका. खरी गोष्ट मुठीच्या आत दडलेली असते. पात्याचा जो भाग मुठीत शिरतो त्याला 'टँग' म्हणतात. ती मुठीच्या टोकापर्यंत, मुठीच्याच रुंदीची गेली की 'फुल टँग'. तेव्हा मुठीच्या कडेला दोन फळ्यांच्या मधे पोलादाची पट्टी उघडी दिसते. काही चाकूंत ही टँग उंदराच्या शेपटीसारखी निमुळती असते, आणि स्वस्तातल्या चाकूंत कधी कधी बोटभर लांबीचा आटे पाडलेला गज असतो, बस.

हे मी पैसे मोजून शिकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी सातशे रुपयांना एक पोकळ मुठीचा 'सर्व्हायव्हल' चाकू घेतला होता. मुठीचं टोपण फिरवलं की आत काड्यापेटी, गळ, सुईदोरा, टोपणावर होकायंत्र. होकायंत्र उत्तरेचं तोंड कधी दक्षिणेला, कधी म्हसरूळकडे दाखवायचं, ते सोडा. मित्राच्या मळ्यात बाभळीच्या ओंडक्यावर चौथा घाव घातला आणि माझ्या हातात नुसती मूठ राहिली. पातं मित्राच्या चपलेपासून वीतभर अंतरावर मातीत रुतलेलं. मुठीत सामान ठेवायला जागा आहे, याचा अर्थ तिथे पोलाद नाही, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

लांबीने नेमकं काय मिळतं?

विटीदांडू खेळला असाल तर याचं उत्तर तुमच्या हाताला ठाऊक आहे. दांडू मधोमध धरून विटी टोलवा, ती बापुडी दहा पावलांवर पडते. टोकाला धरून टोलवा, शेजारच्या वाड्यात जाते. हात तेवढ्याच वेगाने फिरतो, पण लांब दांडूचं टोक जास्त वेगाने फिरतं. शिवाय वजन मुठीपासून लांब असलं की घावाला जोर येतो. मोठ्या चाकूचं सगळं भांडवल हेच. सात ते दहा इंचांचं पातं मनगटाइतकी फांदी तोडू शकतं. चार इंची पात्याने तेच करायला गेलात तर हात दुखेल आणि फांदी तिथेच राहील.

दुसरं काम म्हणजे लाकूड चिरणं. पात्याची धार ओंडक्यावर ठेवायची आणि पाठीवर दांडक्याने ठोकायचं, पाचर मारतात तसं. यासाठी पातं ओंडक्याच्या दोन्ही बाजूंनी थोडं बाहेर यावं लागतं, नाहीतर ठोकायचं कुठे? म्हणजे चार इंच जाडीचं लाकूड चिरायचं तर साधारण सहा-सात इंचांचं पातं हवं.

आता किंमत ऐका. जी लांबी घाव घालताना कामाला येते, तीच बारीक कामात आडवी येते. दहा इंची पात्याने तंबूच्या खुंटीला खाच पाडणं म्हणजे कोळप्याने रांगोळी काढण्यासारखं आहे. आणि अर्धा किलोचं लोखंड पाठीवर घेऊन साल्हेर चढायचा, तर साल्हेर १,५६७ मीटर उंच आहे. वर पोचेपर्यंत ते लोखंड काढून कोणाला तरी देऊन टाकावंसं वाटतं.

कांद्याची परीक्षा

माझ्या मते चाकू विकत घेताना लांबीपेक्षा जाडीत लोक जास्त फसतात. "सहा मिलिमीटर जाड आहे, टँक आहे टँक!" असं कौतुकाने सांगतात.

जाडीचं गणित खरंच जोरदार आहे. लांबी-रुंदी तीच ठेवून पातं दुप्पट जाड केलं, तर वजन दुप्पट होतं पण वाकायला होणारा विरोध आठपट होतो. म्हणून तीन मिलिमीटरच्या पात्यापेक्षा सहाचं पातं कितीतरी ताठ. मग जाडच घ्यावं ना?

घ्या, आणि त्याने लासलगावचा एक घट्ट लाल कांदा चिरा. पातळ सुरी कांद्यातून सरळ जाते. सहा मिलिमीटरचं पातं अर्ध्यापर्यंत जातं, मग त्याचा जाड खांदा कांद्याला दोन्हीकडे ढकलायला लागतो आणि कांदा चिरला न जाता फुटतो. अर्धा कांदा ताटात, अर्धा मातीत. कापण्यात धार फक्त सुरुवात करते. पुढे पात्याचं सगळं अंग त्या वस्तूतून जायचं असतं.

विळीचं पातं आणि कुऱ्हाडीचं पातं शेजारी शेजारी आठवा. विळीची धार कुऱ्हाडीला लावली तर पहिल्या घावात तिच्या दातऱ्या होतील. कुऱ्हाडीची धार विळीला लावली तर भेंडीसुद्धा चेचली जाईल. धारेचा कोन हा सगळा या दोन टोकांमधला सौदा असतो. स्वयंपाकाच्या सुरीला प्रत्येक बाजूने १५ अंशांच्या आसपास कोन देतात. घाव घालायच्या चाकूला २० ते २५. पाठीपासून धारेपर्यंत पातं सपाट उतरत गेलेलं असेल तर त्याला फ्लॅट ग्राइंड म्हणतात. पहिल्या मोठ्या चाकूसाठी मी डोळे मिटून हाच सुचवेन, पाठीला चार ते पाच मिलिमीटर जाडी ठेवून. असा चाकू लाकूडही चिरतो आणि कांदाही, दोन्ही कामं जरा नाइलाजाने का होईना.

पाठीवरचे करवतीचे दात? त्यांनी मी आजवर एकही फांदी कापलेली पाहिलेली नाही. पाठीवर दांडक्याने ठोकायला गेलात की ते दात दांडकं मात्र खातात. घडीची छोटी करवत वेगळी घ्या. मनगटाएवढी फांदी ती कोणत्याही चाकूपेक्षा कमी दमात कापते.

पोलाद: चिक्की की तिळाची वडी?

जाहिरातीत इथे आकड्यांचा पाऊस पडतो. १०९५, ५१६०, डी२, ५८ एचआरसी. घाबरू नका.

पोलाद म्हणजे लोखंडात थोडा कार्बन. १०९५ मधल्या ९५ चा अर्थ कार्बन सुमारे ०.९५ टक्के. ५१६० मधल्या ६० चा अर्थ ०.६० टक्के, सोबत थोडं क्रोमियम. हे कमानपाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या जातीचं पोलाद. कार्बन वाढला की कडक होण्याची ताकद वाढते आणि ठिसूळपणाही.

पण नुसतं पोलाद चांगलं असून भागत नाही. लोहार पातं लालभडक तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतो. याला आपल्याकडे पाणी पाजणं म्हणतात. त्या क्षणी पोलाद इतकं कडक होतं की दगडावर पडलं तर तडकेल. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवून थोडा कडकपणा काढून घेतात. संक्रांतीची चिक्की कडक, पण कडकन मोडते. मऊ तिळाची वडी वाकते, मोडत नाही. चांगलं पातं या दोहोंच्या मधे कुठेतरी असतं, आणि कुठे, हे त्याचं काम ठरवतं. छोट्या चाकूची धार टिकावी म्हणून तो चिक्कीकडे झुकलेला चालतो. मोठ्या चाकूला धक्के खायचे असतात, म्हणून तो वडीकडे झुकलेला बरा.

एचआरसी हा कडकपणा मोजायचा रॉकवेल नावाचा आकडा. हिऱ्याचा टोकदार शंकू ठरावीक जोराने पोलादावर दाबतात आणि तो किती खोल जातो ते बघतात. मोठ्या चाकूसाठी ५४ ते ५८ मधला आकडा शोधा. साठीच्या वरचा आकडा बघून हुरळून जाऊ नका.

नेपाळच्या खुकरीत यावर एक झकास तोड आहे. तिथला कारागीर तापलेल्या पात्याच्या फक्त धारेवर किटलीने पाण्याची धार सोडतो. धार कडक होते, पाठ मऊ राहते. एकाच पात्यात चिक्कीही आणि वडीही.

यातून एक इशारा निघतो. दारावर धार लावायला येणाऱ्याच्या फिरत्या चाकावर हे पातं देऊ नका, दिलंत तर शेजारी उभे राहा. कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. ती निळी पडली की समजा पाणी उतरलं. पुढे कितीही घासा, ती धार टिकणार नाही. घरी पाणी शिंपडून निसण्यावर दहा मिनिटं घालवा. नव्या माणसाचा हात बसायला चार-पाच वेळा लागतात.

"मग स्टेनलेसच बरं ना? आपल्याकडे पाऊस केवढा!"

रास्त शंका. इगतपुरी, त्र्यंबक, पहिने या पट्ट्यात जुलैमध्ये साधं पातं एका रात्रीत तांबूस होतं. स्टेनलेसमध्ये क्रोमियम भरपूर असतं, चाकूच्या पोलादात बहुधा १३ टक्क्यांच्या आसपास, आणि त्याचा अदृश्य पापुद्रा लोखंडाला हवेपासून झाकतो. आता चांगली स्टेनलेस पातीही टणक असतात. पण नुसतं 'स्टेनलेस स्टील' छापून पोलादाचं नाव न सांगणारा चाकू घेऊ नका. ते मऊ, स्वस्त असण्याचीच शक्यता जास्त.

साध्या कार्बन पोलादाची भीती वाटत असेल तर आजीची लोखंडी विळी आठवा. कैरी चिरून ती काळी पडते आणि तो काळेपणाच पुढच्या गंजाला थोडा थोपवतो. वापरून झालं की पुसायचं, खोबरेलाचं बोट फिरवायचं. महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर मशीनचं पातळ तेल बरं, खोबरेल चिकट होत जातं. आणि चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं.

'दमास्कस' म्हणून नागमोडी नक्षीचे चाकू स्वस्तात विकायला असतात. नक्षी सुंदर दिसते. ती आत काय पोलाद आहे याबद्दल काहीही सांगत नाही.

"एवढं सगळं असताना कोयताच का नको?"

हा प्रश्न भाच्याने विचारला नाही, पण मी त्याची वाट बघत होतो. पेठ, सुरगाण्याकडे बांबू तोडायला निघालेल्या माणसाच्या कमरेला मागे लाकडी आकड्यात अडकवलेला कोयता असतो. अनेक लोहार तो गाडीच्या जुन्या कमानपाट्यातून काढतात. म्हणजे परदेशी कंपन्या ज्या जातीच्या पोलादाचं कौतुक करतात, ते आपल्या भात्यावर कधीचं तापतंय. टोकाकडे वजन, आत वळलेली धार, त्यामुळे फांदी निसटत नाही. तोडायच्या कामात अमुकतमुक कंपनीचा दहा इंची चाकू त्याच्यापुढे पाणी भरेल.

आणि गंमत म्हणजे कोयता फुल टँग नसतो! पात्याची शेपटी लाकडी मुठीत ठोकलेली असते, तोंडाशी लोखंडी कडं. मूठ सैल झाली तर दुसरी बसवतात. अमेरिकी मरीन सैनिकांसाठी १९४२ मध्ये स्वीकारलेला प्रसिद्ध सात इंची का-बार चाकू, त्याचीही टँग अरुंदच आहे. तेव्हा फुल टँग हा देव नाही. नीट बसवलेली अरुंद टँग चालते. अडचण एवढीच की मुठीच्या आत काय बसवलंय ते नवख्याला दिसत नाही, म्हणून त्याने फुल टँग घ्यावी.

कोयत्याची कमतरता दुसरीकडे आहे. बहुतेक कोयत्यांना टोक नसतं, त्यामुळे भोक पाडता येत नाही. बारीक काम जमत नाही. धड म्यान नसतं, म्हणून पाठपिशवीत नेणं धोक्याचं. मळ्यावर कॅम्प असेल तर मात्र शेतकऱ्याकडून तासाभरासाठी कोयता मागून घ्या. तो कसा धरायचा तेही तोच दाखवेल.

आणखी एक गोष्ट यूट्यूबवाल्यांना माहीत असायचं कारण नाही. नाशिकच्या कॅम्पला बहुतेक वेळा लाकूड फोडावंच लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेच्या बांधावर वाळक्या काड्यांचे ढीग पडलेले असतात. मळेवाल्याला विचारून दोन कवळे उचलले की रात्र निघते. मी गेल्या पाच-सहा कॅम्पांत चाकूने काय केलं ते आठवून पाहिलं: कांदे-बटाटे चिरले, दोरी तोडली, नारळ सोलला, खुंट्यांना टोक काढलं, काडीच्या ढलप्या काढून शेगडी पेटवली, एकदा पाकिटातलं श्रीखंड उघडलं. यातल्या एकाही कामाला सहा इंचांच्या वर पातं लागलं नाही.

मूठ आणि म्यान

मूठ हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका. चार बोटं मावून थोडी उरावी. बोटांसाठी खळगे पाडलेली मूठ टाळा, ते खळगे दुसऱ्याच कुणाच्या बोटांच्या मापाचे असतात. बोट धारेवर घसरू नये म्हणून पुढे अडणी हवी. एप्रिलच्या घामात गुळगुळीत चकचकीत मूठ साबणासारखी निसटते. म्यान उलटं धरून झटका द्या. चाकू पडला तर तो चाकू दुकानातच राहू द्या.

ताईचा प्रश्न: पोलीस पकडतील का?

'शस्त्र नियम, २०१६' मध्ये धारदार शस्त्रांचा एक वर्ग आहे. त्यात तलवारी, भाले, खंजीर यांच्याबरोबर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, आणि खुकरीचं तर नाव घेऊन उल्लेख आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं यातून वगळलेली आहेत. म्हणून कोयता शेतात बिनधास्त असतो. दहा इंची 'टॅक्टिकल' चाकू शेतीसाठी आहे असं पटवणं मात्र कठीण. भाच्याच्या दहा इंचीवर मी इथेच काट मारली.

नऊच्या आत म्हणजे सगळीकडे मोकळीक, असंही नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी ठरावीक काळासाठी हत्यारं जवळ बाळगायला मनाई करू शकतात, आणि त्या यादीत चाकू असतो. सणवार, मोर्चे, निवडणुका, सिंहस्थासारखी गर्दी, अशा वेळी हे आदेश निघतात. चाकू कमरेला लावून शहरात रविवार कारंजावर चहा प्यायला जायचं नाही. म्यानात घालून, कापडात गुंडाळून पिशवीच्या तळाशी, तंबू आणि भांड्यांबरोबर. विमानात केबिनच्या बॅगेत अजिबात नाही.

अभयारण्याचा नियम ट्रेकर्सना बहुधा माहीत नसतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही, आणि कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूचं नाव लिहिलेलं आहे. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हे सगळं अभयारण्यात येतं. निफाडचं नांदूर मध्यमेश्वरही. तिथे जाताना मोठा चाकू घरी ठेवा, कांदा घरूनच चिरून न्या. राखीव जंगलात झाड तोडणं आणि आग लावणं हा वेगळा गुन्हा आहे. त्यामुळे मोठ्या चाकूची खरी हौस भागवायची जागा म्हणजे कुणाचा तरी खासगी मळा.

"ते सगळं ठीक, पण मला मोठाच हवाय"

हवा असू शकतो. हौसेला मोल नसतं आणि मीही त्यातून गेलोय. तर मग सहा ते सात इंच पातं, चार-पाच मिलिमीटर पाठ, फुल टँग, फ्लॅट ग्राइंड, साधं टोक, दात नकोत, पोलादाचं नाव स्पष्ट लिहिलेलं. बजेट कमी असेल तर क्रम उलटा करा: आधी चार इंचांच्या आसपासचा साधा पातळ चाकू आणि एक घडीची करवत. स्वीडनचा मोरा कंपनीचा कम्पॅनियन हा पातळ चाकू जगभर नवख्यांना सुचवला जातो. तोही फुल टँग नाही आणि त्याचं अडत नाही.

पहिला घाव घालण्याआधी चाकू म्यानातच ठेवून हात लांब करा आणि गोल फिरा. त्या वर्तुळात कुणी नको, कुत्रंसुद्धा. बसून काम करताना मांड्यांच्या मधे कापू नका. मांडीच्या आतून मोठी धमनी जाते आणि पहिन्याहून दवाखाना लांब आहे. हातातून चाकू निसटला तर पकडायला जाऊ नका, पाय मागे घ्या. घाव चुकला तर पातं कुठे जाईल, हे घाव घालण्याआधी बघून ठेवा. बाभळीच्या त्या ओंडक्यापाशी मी हे बघितलं नव्हतं.

भाच्याने अजून काही घेतलेलं नाही. शनिवारी तो माझ्याबरोबर दिंडोरीला येतोय. माझा सहा इंची, एक पातळ चार इंची आणि मळ्यावरचा कोयता, तिन्ही वापरून बघणार म्हणतो. ताईने दोन किलो कांदे बांधून दिलेत. तिला वाटतंय आम्ही पिठलं करणार आहोत.